आमंत्रण आणि पान

जवळ नाही ते देईन म्हणून शब्द द्यावा की देऊ नये? प्रश्न असा सरळ विचारला, तर आपल्यापैकी बहुतेक जण चटकन ‘देऊ नये’ असेच उत्तर देतील. हरिश्चंद्राची गोष्ट ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. स्वप्नात दिलेले राज्य ज्याने जागेपणी देऊन टाकले, त्या राजाचे नाव सत्याला पर्याय म्हणून वापरणाऱ्या समाजात शब्दाला जागणे ही माणुसकीची पहिली खूण मानली गेली, यात नवल नाही. आणि शब्दाला जागायचे तर तो देण्यापूर्वी कोठारात काय आहे ते पाहून घ्यावे, हे ओघानेच आले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण त्यातलीच.

पण हेच आपण, घरात लग्न निघाले की काय करतो? कार्यालयात एका वेळी दोनशे पाने मांडता येतात हे ठाऊक असून पाचशे पत्रिका वाटतो. खेड्यापाड्यांत तर घराघराला चूलबंद आमंत्रण जाते. म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटायचीच नाही. मुरलेला आचारी यजमानाला विचारतो, ‘आमंत्रणे किती?’ आकडा ऐकून तो मनातल्या मनात काही वजा करतो आणि मग तांदूळ मोजायला घेतो. कोणी परगावी असेल, कोणाच्या घरी त्याच मुहूर्तावर दुसरे कार्य असेल, कोणी अक्षता टाकून सरबतावरच निरोप घेईल, हे त्याला अनुभवाने माहीत असते. पत्रिकेत मात्र प्रत्येकाला ‘अगत्य येण्याचे करावे’ असेच लिहिलेले असते. एकेक पत्रिका वेगळी काढून पाहिली तर ती खरी आहे. सगळ्या एकत्र ठेवल्या तर त्या खोट्या ठरतात. बोलावलेले सगळे एकदमच आले तर आपला शब्द आपल्याला पाळता येणार नाही, हे पत्रिकेला हळदकुंकू लावतानाच यजमानाला पुरते ठाऊक असते. याला लबाडी म्हणायचे काय?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो मात्र कुठल्या लग्नघरात नव्हे. माझ्या वर्गातून कधीकाळी बाहेर पडलेला एक विद्यार्थी आता पुण्यात मोठमोठ्या संगणकांची देखभाल करतो. मे महिन्याच्या सुटीत तो भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, “सर, इतकी वर्षे हे काम करतो, पण एका गोष्टीची मला अजून गंमत वाटते. संगणक स्वतःजवळ नसलेली मेमरी वाटत असतो.”

“आणि ज्याला दिली तो मागायला आला म्हणजे?” मी विचारले.

“बहुतेक वेळा सगळी मागायला कोणी येतच नाही, सर.”

मला एकदम तो तांदूळ मोजणारा आचारी आठवला. मग त्या मुलाला मी सहजासहजी सोडले नाही. त्याने जे सांगितले आणि मागाहून मी जे वाचून समजून घेतले, ते आधी साध्या शब्दांत मांडतो; कारण यंत्राचा कारभार नीट कळल्यावाचून त्यातला नीतीचा प्रश्न नीट दिसायचा नाही.

संगणकाच्या पोटात दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक कायमची साठवणूक. तिला आपण डिस्क म्हणतो, ती म्हणजे घरातली माळ्यावरची खोली. दुसरी मेमरी. ही कामाची जागा. स्वयंपाकघराचा ओटाच म्हणा ना. ज्या क्षणी जे काम चालू असेल त्याचे सगळे सामान इथे हाताशी लागते. ओटा माळ्यापेक्षा लहान, महाग आणि फार चपळ. वीज गेली की ओटा पुसला जातो, माळा राहतो. या ओट्यावर कोणी किती जागा घ्यायची हे ठरवणारा जो कारभारी, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आणि तिचा जो अगदी आतला गाभा, त्याला कर्नेल. (लष्करातल्या कर्नलशी याचे नाते नाही, पण हुकमत तशीच.)

आरंभीच्या संगणकांत हा कारभार सोपा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक बांधला आणि १९६० साली तो पुरतेपणी कामाला लागला. त्याच्या मेमरीत एकेक आकडा ठेवण्याची २०४८ घरे होती. एका वेळी एक गणित त्यावर चढायचे, ते उतरले की दुसरे. एकटाच पाहुणा, एकच पान. मग शब्द देण्याघेण्याचा प्रश्न येतो कुठे? ओटा पुरला नाही तर गणित मांडणाऱ्यानेच त्याचे तुकडे करायचे आणि कुठला तुकडा केव्हा आणायचा हे आधीच ठरवून ठेवायचे.

ही कटकट इंग्लंडात मँचेस्टरच्या विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूर केली. त्यांच्या ‘ॲटलास’ या संगणकाचे उद्घाटन डिसेंबर १९६२ मध्ये झाले. त्याची चपळ मेमरी होती १६,३८४ शब्दांची आणि तिच्या पाठीशी फिरत्या ढोलावरची संथ साठवण होती तिच्या सहापट. किलबर्न यांनी असे केले की प्रोग्रॅमला हा भेद दिसूच नये. त्याला सगळी मिळून एकच ऐसपैस जागा आहे असे वाटावे. आणि कुठला भाग ओट्यावर, कुठला ढोलावर, याची ने-आण यंत्राने गुपचूप करावी. या ने-आणीसाठी त्यांनी मेमरीचे ५१२ शब्दांचे सारखे तुकडे पाडले आणि त्या तुकड्यांना नाव दिले ‘पेज’. पेज म्हणजे पान. त्यांच्या मनात पुस्तकाचे पान असणार. मला मात्र त्या शब्दाबरोबर केळीचे पान दिसू लागले, आणि खरे सांगायचे तर हा सगळा कारभार त्या दुसऱ्या पानावरच अधिक चांगला समजतो. आजच्या आपल्या नेहमीच्या संगणकांत हे पान बहुधा ४०९६ बाइटांचे असते.

आता आमंत्रणाची गोष्ट. जगातले असंख्य मोठे संगणक आणि आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन ज्या लिनक्स नावाच्या कर्नेलवर चालतात, त्याचा रिवाज पाहा. नेहमीच्या ६४ बिटांच्या संगणकावर तो प्रत्येक प्रोग्रॅमपुढे १२८ टेराबाइटांचे अंगण पसरून ठेवतो. यंत्रात खरी मेमरी आठ गिगाबाइट असेल, तर हे अंगण तिच्या सोळा हजार पट झाले! असे अंगण दोघाचौघांना नव्हे, चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला. या घरात आपण एकटेच आहोत अशी प्रत्येकाची समजूत. अंगण नुसते दिसते एवढेच नाही. त्यातली जागा प्रोग्रॅमने मागितली की कर्नेल बहुधा ‘घे’ म्हणतो. मागणी अगदीच अवाच्या सवा असली तर नेहमीच्या रिवाजात तो नाही म्हणतो; पण सगळ्यांच्या वाजवी मागण्यांची बेरीज यंत्रातल्या मेमरीपलीकडे गेली तरी तो हात आखडत नाही.

‘घे’ म्हटले त्या क्षणी प्रत्यक्षात काहीच दिलेले नसते. वहीत नोंद होते, इतकेच. प्रोग्रॅम त्या जागेवर पहिल्यांदा काही लिहायला जातो, तेव्हा कर्नेल लगबगीने एक खरे पान आणतो, ते स्वच्छ पुसतो आणि त्याच्यापुढे मांडतो. हे पुसणे मला फार आवडले. आधीच्या पाहुण्याचे काहीही त्यावर राहता कामा नये. नाहीतर एकाचे गुपित दुसऱ्याला वाचता येईल. उष्टे पान कोणालाही वाढायचे नाही, हा दंडक यंत्रातही आहे.

असे का करावे? कारण मागणारे फार मागतात आणि वापरणारे थोडे वापरतात. पुढेमागे लागेल म्हणून प्रोग्रॅम जागा धरून ठेवतात. शिवाय एक प्रोग्रॅम आपल्यासारखाच दुसरा निर्माण करतो, तेव्हा रिवाजाने त्या मुलाला आईबापाच्या सगळ्या मेमरीची प्रत मिळायला हवी. आठ गिगाबाइटांच्या यंत्रात सहा गिगाबाइट व्यापणाऱ्या प्रोग्रॅमला एक चिमुकले काम करणारे मूल हवे असेल, तर काटेकोर हिशेबाने आणखी सहा गिगाबाइट हवेत. म्हणजे मूल जन्मालाच येऊ नये. लिनक्स मुलाला शब्द देतो आणि दोघांना एकाच पानावर बसवतो. त्यांपैकी एक जण त्यात फेरफार करू लागला की तेवढ्याच पानाची वेगळी प्रत काढतो. मोठा शब्द आणि छोटा खर्च. या सोयीवाचून कितीतरी कामे मेमरी असूनही अडून राहतील.

रिकामी जागा रिकामी ठेवणेही या कारभाऱ्याला मानवत नाही. पाने मांडायला अवकाश असला की लग्नघरातल्या दिवाणखान्यात पोरे खेळतात, बायका हार गुंफतात. यजमान त्यांना हुसकत नाही, कारण पंगतीची वेळ झाली की जागा मोकळी होईल हे त्याला माहीत असते. तसेच लिनक्स मोकळ्या मेमरीत डिस्कवरच्या वाचलेल्या फायली ठेवतो; पुन्हा लागल्या तर माळ्यावर चढायला नको. कोणी मेमरी मागितली की त्या बाजूला सारतो. नवखा माणूस ‘मोकळी मेमरी’ या सदरातला लहानसा आकडा पाहून घाबरतो, तो यामुळेच. २०१४ साली लिनक्सच्या हिशेबात एका नव्या ओळीची भर पडली: मोकळी किती हे वेगळे आणि मागितल्यास देता येण्याजोगी किती हे वेगळे. ज्याला शब्द द्यायचे असतात त्याने आपल्या कोठाराचा खरा आकडा निदान स्वतःपुरता तरी स्वच्छ ठेवावा, एवढे या ओळीवरून शिकता येते.

तर मग ही लबाडी आहे काय? मला तसे वाटत नाही. निदान सरसकट तरी वाटत नाही. माणसांचा सगळा सहवासच अशा शब्दांवर उभा आहे. बँक प्रत्येक ठेवीदाराला ‘चालू खात्यातले पैसे केव्हाही न्या’ म्हणते आणि त्यातले बरेचसे पैसे कर्जाऊ देऊन बसते. शेजारीण ‘काही लागले तर हाक मारा’ असे आळीतल्या दहा घरांना सांगते. दहाही घरांतून एकाच रात्री हाक आली तर ती कुणाकुणाकडे धावणार? म्हणून तिने कोणालाच तसे म्हणू नये काय? प्रत्येकाने जवळ असेल तेवढेच, मोजून, कुलपात ठेवून मगच बोलावे असे ठरले, तर जगातला आधार म्हणून जो आहे त्याचा निम्म्याहून अधिक भाग नाहीसा होईल. हरिश्चंद्राचे सत्य मोठे खरे, पण ते एकट्याचे सत्य आहे. एकाच वेळी अनेकांना शब्द देणाऱ्या गृहस्थाचे सत्य वेगळ्या कसोटीवर पारखले पाहिजे.

ती कसोटी लागते सगळे पाहुणे एकदम येतात त्या दिवशी.

यंत्रात असा दिवस येतो तेव्हा काय होते? आधी कारभारी पोरांना दिवाणखान्यातून उठवतो. मग ज्या पानांना बराच वेळ कोणी हात लावलेला नाही ती डिस्कवर, म्हणजे माळ्यावर, नेऊन ठेवतो. तेही पुरेनासे झाले की एक फार कठोर अधिकारी उठतो. त्याचे इंग्रजी नाव सरळसरळ ‘किलर’ असे आहे. तो चालू प्रोग्रॅमांच्या रांगेवरून नजर फिरवतो, एकाची निवड करतो आणि त्याला जागच्या जागी संपवतो. आवराआवर करण्याची सवड नाही, निरोप नाही. भरल्या पंगतीतून एकाला हाताला धरून उठवावे आणि त्याचे पान इतरांत वाटावे, तसा हा प्रकार. एकाचा जीव गेला तरी बाकीचे आणि घर वाचावे हा हेतू.

हे पाहून लिनक्स घडवणाऱ्या मंडळींतही सगळ्यांचे समाधान होते असे नाही. २००४ साली आंद्रिस ब्रॉवर या डच जाणकाराने त्यांच्या चर्चेत एक मार्मिक रूपककथा सांगितली होती. इंधन कमी भरले तर विमान हलके होते आणि पैसे वाचतात, असा शोध एका विमान कंपनीला लागतो. क्वचित इंधन संपते. तेव्हा उतारूंपैकी कोणाला बाहेर फेकायचे याची नामी युक्ती कंपनीचे इंजिनिअर काढतात, आणि मग फेकायचे कोणाला यावरच विद्वान चर्चा रंगतात. ब्रॉवर यांचा रोख उघड होता: कोणाला फेकावे यावर डोके चालवण्याऐवजी इंधन का भरत नाही?

हा आक्षेप खोटा नाही. आणि तसा भरल्या टाकीचा रिवाज असलेली घरेही आहेत. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी आणि तिच्या जोडीला डिस्कवर राखलेली जागा यांची बेरीज करते आणि त्या बेरजेपलीकडे शब्दच देत नाही. मागणारा आला तर दारातच ‘आता जमणार नाही’ म्हणून सांगते. लिनक्सलाही असे काटेकोर वागायला लावता येते. त्यासाठी एक आकडा बदलला की पुरते. नकार लवकर मिळतो, पण दिलेला शब्द मोडत नाही. त्याची किंमत अशी की पुष्कळ जागा, कोणी वापरत नसतानाही, केवळ शब्दापोटी अडकून पडते आणि ज्याचे काम सहज झाले असते असा पाहुणाही दारातून परत जातो. एका घरात माणसे उपाशी परत जातात, दुसऱ्या घरात क्वचित कोणी भरल्या पानावरून उठवला जातो. दोन्ही घरांत दुःख आहेच. फक्त ते वाटण्याची रीत वेगळी.

म्हणून मला वाटते की जवळ नाही ते देऊ करावे की नाही, हा खरा प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न असा: शब्द अपुरा पडेल त्या दिवशी तुटवडा कोणाच्या पानात पडणार, आणि ते कोणी, केव्हा ठरवले?

या प्रश्नाला लिनक्सने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे. पूर्वी कोणाला उठवायचे हे ठरवताना तो अधिकारी पुष्कळ गोष्टी बघत असे: कोण किती वेळ काम करतो आहे, कोण मालकाचा खास आहे, कोणाची मुलेबाळे किती. २०१० साली हा नियम नव्याने लिहिला गेला आणि मुख्यतः एकच गोष्ट पाहायची ठरली: ज्याने सगळ्यांत अधिक मेमरी प्रत्यक्ष व्यापली असेल तो उठेल. मालकाच्या खास प्रोग्रॅमांना तेव्हाही तीन टक्क्यांची सूट राहिली होती. २०१८ साली तीही काढून टाकण्यात आली. शेवटची मागणी ज्याने केली, ज्याच्या पानाच्या वेळी नेमका भात संपला, त्याचा यात दोष धरत नाहीत. ज्याच्यापुढे सगळ्यांत मोठी रास आहे त्याच्याकडे पाहतात. हा नियम निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. अनेकदा सगळ्यांत मोठा प्रोग्रॅम हाच सगळ्यांत उपयोगाचा असतो; आणि म्हणूनच अमक्याला हात लावू नका, अशी चिठ्ठी यंत्राचा मालक आधी देऊन ठेवू शकतो. पण ती चिठ्ठी कोणाला आहे हे वाचता येते. नियम लिहिलेला असतो, आणि तो पंगत बसण्यापूर्वी लिहिलेला असतो.

आपल्या फोनमध्ये हाच कारभार जरा वेगळ्या ममतेने चालतो. अँड्रॉइडमध्ये मेमरी कमी पडू लागली की जे ॲप डोळ्यांसमोर नाही, मागे नुसते पडून आहे, त्यावर आधी गदा येते आणि आपण ज्यात गुंतलो आहोत त्यावर शेवटी. शिवाय तिथला रिवाज असा की ॲप नजरेआड जातानाच आपले जरूरीचे तेवढे नोंदवून ठेवायला त्याला सांगितले जाते. म्हणजे पुढे त्याला उठवले तरी परत येऊन जिथे होते तिथे बसता यावे. बराच वेळ बाजूला ठेवलेले एखादे ॲप पुन्हा उघडले की ते पहिल्यापासून सुरू झाल्यासारखे क्षणभर थबकते, ते याच कारणाने. उठवणे टळत नसेल तर निदान परत येण्याची वाट राखून ठेवावी, ही माणुसकी म्हणायला हरकत नाही. ‘नजरेआड तो आधी’ हा नियम मात्र माणसांना लावायचा म्हटले तर अंगावर काटा येतो. आणि तो आपण लावत नाही असेही नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता आपल्या बाजूला या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला एका खातेदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ती वाढवण्यात आली. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हिशेबात दडवली होती, असे चौकशीत पुढे आले. म्हणजे ज्याच्या पानावर रास वाढली गेली तो जेवून उठला आणि तुटवडा पडला तो पेन्शनीतल्या आजोबांच्या आणि रिक्षावाल्याच्या द्रोणात. यंत्राच्या नियमाच्या हे अगदी उलट. कर्नेलने शब्द अधिक दिला, पण कोठाराचा हिशेब दडवला नाही. इथे हिशेबच दडवला गेला. मोठा शब्द देणे आणि खोटा शब्द देणे यांतली रेघ मला नेमकी इथे दिसते. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये बँक ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. या विम्यामागची कल्पना मला चांगली वाटते: घर बुडालेच तर लहान पानावरचे अन्न आधी सुरक्षित, आणि तेही आधीच ठरवून.

एक गोष्ट आणखी. शब्द पाळण्याच्या हट्टापायी कधीकधी उठवण्यापेक्षाही वाईट गोष्ट घडते. मेमरी कमी आणि प्रोग्रॅम फार अशा वेळी कारभारी कोणालाच न उठवता सगळ्यांना थोडेथोडे पुरवू लागला, तर एकाचे पान माळ्यावर टाकून दुसऱ्याचे आणायचे, तोच पहिला ‘माझे पान’ म्हणून ओरडायचा, की दुसऱ्याचे काढून त्याचे मांडायचे, असा धिंगाणा सुरू होतो. यंत्र घामाघूम होते आणि काम काहीच होत नाही. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली या रोगाची कारणे आणि उपाय सांगितले. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या वेळी खरोखर लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. तो पुरा देता येईल इतक्यांनाच एका वेळी बसवा, बाकीच्यांना थांबवा. पंगतीची चालही हीच नव्हे काय? एका पंगतीला दोनशेच पाने. उरलेल्यांनी मांडवात पान-सुपारी घेत बसावे. थांबवण्यात अपमान नाही. बसवून न वाढण्यात आहे.

हे सारे समजून घेत असताना मला सगळ्यांत विचार करायला लावले ते मात्र अगदी वेगळ्याच एका बारीक नियमाने. लिनक्सचा कर्नेल सगळ्यांना इतके उदार शब्द देतो, पण स्वतःच्या कामापुरती थोडी मेमरी आधीच बाजूला काढून ठेवतो. कितीही ओढाताण झाली तरी त्या राखीव जागेला सामान्य पाहुण्यांचा हात लागू देत नाही, आणि स्वतःचे पान कधी माळ्यावर पाठवत नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, “हा यजमान चांगलाच आपमतलबी दिसतो. पाहुणे उठवतो आणि स्वतःचे पान राखतो.”

“तसं नाही, सर,” तो म्हणाला. “मेमरी मोकळी करायलासुद्धा थोडी मेमरी लागते. वाढणाराच कोसळला तर पंगत कोण सांभाळणार?”

तो सहज बोलून गेला आणि मला माझ्या आईचे जेवण आठवले. आमच्याकडे सणावाराला, श्राद्धपक्षाला माणसे फार. वडिलांचा शब्द मोठा. वाटेत भेटेल त्याला ‘जेवायलाच या’ म्हणायचे. गावात त्यांच्या अगत्याची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. आमच्या दारातून कोणी उपाशी गेल्याचे मला आठवत नाही. पंगतीतून फिरताना ‘सावकाश होऊ द्या’ म्हणणारा त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटची पंगत उठली, खरकटी निघाली, की तिसऱ्या प्रहरी आई स्वयंपाकघरात बसायची. कधी पातेल्याच्या बुडाशी लागलेला भात आणि ताक, कधी नुसते लोणचे आणि सकाळची भाकरी. ‘मला भूकच नाही रे’ हे तिचे ठरलेले वाक्य होते. आम्ही ते खरे मानत होतो, कारण ते मानणे सोयीचे होते.

वडिलांनी दिलेला प्रत्येक शब्द पाळला गेला. पण तो कोणाच्या पानातून पाळला गेला, याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. तुटवडा नेमका कोणावर पडणार हे आमच्या घरात शंभर वर्षे आधी ठरून गेलेले होते; फक्त ते कोणी लिहिले नव्हते आणि जिच्यावर पडायचा तिला कोणी विचारले नव्हते. अशी घरे महाराष्ट्रात थोडीथोडकी नसतील. वाढणारीने शेवटी जेवावे याला आपण संस्कृती म्हटले. आणि यंत्र बांधणाऱ्या लोकांना, ज्यांना कोणाच्या पुण्याईशी काही कर्तव्य नव्हते, निव्वळ हिशेबाने असे आढळले की वाढणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवला नाही तर घर चालत नाही.

यंत्राकडून नीती शिकावी असे माझे म्हणणे नाही. यंत्राला दुःख नाही. उठवलेल्या प्रोग्रॅमला आपला अपमान झाला असे वाटत नाही, आणि किलरला रात्री झोप लागत नाही असेही होत नाही. ज्याला उठवायचे त्याच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलणे, त्याचा हात हातात घेणे, पुढच्या वेळी त्याला पहिल्या पंगतीला बसवणे, हे सगळे आपल्यालाच करायचे असते. त्यासाठी कुठलाही नियम पुरत नाही. पण यंत्राचा एक गुण असा की त्यात काहीच न लिहिता चालत नाही. जे आपण रीत म्हणून, मोठेपणा म्हणून, माया म्हणून झाकून ठेवतो, ते तिथे कोणालातरी बसून स्पष्ट लिहावे लागते: किती शब्द द्यायचा, कोणाला आधी उठवायचे, कोणाच्या पानाला हात लावायचा नाही.

ऐन दिवाळीत हा अंक आपल्या हाती येईल. घराघरांतून ‘फराळाला या’ असे शब्द दिले जातील, आणि ते अवश्य द्यावेत. डब्यातल्या करंज्या मोजून माणसे बोलावणारे घर कोणाला आवडेल? हात सढळ असावा, शब्द त्याहून सढळ असावा. माझे म्हणणे एवढेच, की आमंत्रण देणाऱ्याने आपल्या घराचा हिशेब एकदा, स्वतःशीच का होईना, उघड मांडावा. चिवडा संपला तर कोणाची बशी रिकामी राहणार? पहाटे चारला उठून चकल्या तळणारीने अजून तोंडात काही टाकले आहे की नाही? तिचे पान आधी वाढून बाजूला झाकून ठेवा, आणि मग खुशाल साऱ्या आळीला बोलवा.